खाकी कव्हरातला पासपोर्ट

मी एक पासपोर्ट. पासपोर्ट म्हटलं की लोकांना विमान आठवतं. मला मात्र अंबड-जालना एस.टी. आठवते, कारण सर्वांत जास्त प्रवास मी तिच्यातूनच केला, तोही लपून.

माझा जन्म १९९४चा, लंडनमधल्या भारतीय कचेरीतला. माझ्यावर नाव आहे रेणूचं. फोटो काढला तेव्हा ती तीन महिन्यांची होती, मान धरत नव्हती, म्हणून फोटोत तिच्या मानेमागं तिच्या आईची चार बोटं दिसतात.

आईचं नाव कौसल्या. माहेर अंबडचं. वडील तातेराव तिथल्या कोर्टात पट्टेवाले. नवरा मच्छिंद्र तीर्थपुरीचा, शिकून इंजिनिअर झाला आणि इंग्लंडला गेला. तिथं तो कामावर जाताना घराला बाहेरून कुलूप लावायचा. "तुला इथली माहिती न्हाई, म्हणून लावतो," म्हणायचा. कौसल्या दिवसभर खिडकीशी बसायची, कडेवर रेणू. १९९५च्या उन्हाळ्यात आईला भेटून येते म्हणून ती दोन महिन्यांसाठी निघाली आणि अंबडला आल्यावर परत गेलीच नाही.

जून संपता संपता रजिस्टर पत्र आलं. तिकडच्या कोर्टाचा हुकूम होता: मुलीला एकवीस दिवसांत इंग्लंडला परत आणा. तातेराव ते पत्र घेऊन ओळखीच्या चार वकिलांकडं फिरून आले. एकानं तर ते हातातसुद्धा घेतलं नाही. "तातेराव, बांधाची भांडणं आणा, दस्त आणा. हे बाहेरच्या देशाचं मला न्हाई समजत," म्हणाला.

त्याच आठवड्यात शेजारच्या पीसीओवर मच्छिंद्रचा फोन आला. कौसल्या परतली ती पांढरीफटक पडून.

"काय म्हणला?" झुंबरबाईनं, तिच्या आईनं, विचारलं.

"म्हणला, पासपोर्ट तिच्या नावाचा आहे. मी येईन आन पोरीला घेऊन जाईन."

"मंग जाळ की तो पासपोर्ट! ना राहील, ना जाईल." झुंबरबाईनं मला उचललं आणि चुलीकडं नेलं. धगीनं माझं कव्हर वाकायला लागलं. मी कागदच आहे हो, मला काय कळत नाही का जाळ म्हणजे काय ते.

कौसल्यानं मला हिसकावून घेतलं. "उद्या कोर्टानं विचारलं तर काय सांगू? जाळला म्हणलं तर चोर मीच ठरेन." पण ठेवायचा कुठं? पेटीत भीती, धान्यात भीती. सासरचं माणूस केव्हाही दारात उभं राहील असं तिला वाटायचं. शेवटी तिनं एक जाड रजिस्टर आणलं, त्याला खाकी कव्हर घातलं आणि कव्हराच्या आत मला सरकवून कडा डिंकानं चिकटवल्या.

त्या रजिस्टरासाठी तिला कारणही सापडलं होतं. कोणाला समजत नाही, तर आपणच समजून घ्यायचं. बी.ए. झालेली होतीच. जुलैमध्ये तिनं जालन्याच्या लॉ कॉलेजात नाव घातलं.

रोज सकाळच्या गाडीनं आम्ही निघायचो. बस थांबली आणि कोणी नवखा माणूस चढला की ती रजिस्टर छातीशी धरायची. तिच्या छातीचे ठोके मला सगळे ऐकू यायचे.

दोन वर्षं करार, फौजदारी, मिळकत असे विषय झाले. तिसऱ्या वर्षी एक विषय आपल्या पसंतीचा घ्यायचा होता. कौसल्यानं खाजगी आंतरराष्ट्रीय कायदा घेतला. वर्गात तीनच डोकी. सर म्हणाले, "बाई, यात मार्क पडत नाहीत. जालन्यात हा कायदा लागणार कोणाला?"

"मला लागणार आहे, सर," ती म्हणाली.

मग त्यांनी पुन्हा विचारलं नाही. माणूस एका देशाचा, लग्न दुसऱ्या देशातलं, भांडण तिसऱ्या देशात, तर कायदा कुठला, हे ते हळूहळू सांगत गेले. कव्हराच्या आतून मीही ऐकत होतो. ऐकता ऐकता मला कळलं की मी नुसती वही नाही, माझ्यावर एक देश छापलेला आहे आणि दुसऱ्या देशाचा त्याच्याशी वाद आहे.

एक दिवस सर म्हणाले, "परदेशी कोर्टाचा हुकूम इथल्या कोर्टानं डोळे मिटून मानायचा नसतो. न वाचता फेकायचाही नसतो. मुलाचं भलं कशात, ते पाहायचं. कधी मूल आईजवळ ठेवतात. कधी परतही पाठवतात."

कौसल्याचं पेन थांबलं. 'परतही पाठवतात' हे शब्द तिनं लिहिलेच नाहीत. त्या दिवशी परतताना ती अंबडच्या स्टँडवर उतरायची विसरली. गाडी पुढच्या गावाला जाणारी होती, ती निघाल्यावर कंडक्टरनं ओळखलं आणि बेल मारून उतरवलं.

एप्रिल १९९८. त्याच विषयाचा पेपर. परीक्षेपुरतं रेणूला झुंबरबाईनं आपल्या माहेरी, पिंपळगाव रेणुकाईला नेलं होतं. परीक्षेच्या खोलीत वही-पुस्तक चालत नाही. सगळ्यांच्या पिशव्या व्हरांड्यात ठेवलेल्या. कौसल्या दारातून दोनदा मागं वळून पाहून गेली.

तासभर झाला असेल. कोणीतरी पिशव्या चाळू लागलं. रजिस्टर उघडलं गेलं. अक्षर ओळखीचं वाटल्यासारखी पानं सावकाश उलटू लागली. मग एक बोट कव्हरावरून फिरलं आणि फुगवट्यावर थांबलं. टर्रकन कागद फाटला.

तो मच्छिंद्र होता. सकाळी अंबडला जाऊन आला होता. तातेरावांनी काहीच सांगितलं नव्हतं, पण परीक्षेचं वेळापत्रक भिंतीवर लावलेलं होतं.

"ओ साहेब, कुणाची पिशवी हाय ती?" शिपाई संपत ओरडला.

"माझ्या बायकोची," तो म्हणाला आणि मला शर्टाच्या खिशात घालून निघाला. मला ओरडता आलं असतं तर! दाराआड दहा पावलांवर कौसल्या उत्तर लिहीत होती, माझ्यावरच लिहीत असेल कदाचित.

त्याची जीप पिंपळगावकडं जाणाऱ्या भोकरदनच्या रस्त्याला लागली. अंबडच्या घरी झुंबरबाईही दिसली नव्हती, त्यावरून त्यानं बरोबर ओळखलं होतं मुलगी कुठं असेल ते. रेणुकाईच्या देवळापुढं रेणू चिंचोके मांडून खेळत होती. मच्छिंद्रनं तिला उचललं. "रेणू, मी पप्पा."

झुंबरबाई धावली. "सोड तिला! ओ, धावा कुणीतरी!"

चार वर्षांची पोर. तिनं तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. अंग लाकडासारखं ताठ झालं आणि भीतीनं तिला शू झाली. ती त्याच्या शर्टावरून माझ्यापर्यंत पोचली. माझ्या पहिल्या पानावरची शाई तेव्हाच पसरली. तो डाग अजून आहे.

मच्छिंद्र तसाच उभा राहिला. माणसं गोळा झाली होती, पण तो त्यांच्याकडं बघत नव्हता. "ही मला बिलकुल ओळखत न्हाई," तो हळूच म्हणाला. त्यानं तिला खाली ठेवलं. ती आजीच्या पदरात शिरली तेव्हा कुठं रडण्याचा आवाज फुटला.

मला मात्र त्यानं परत दिलं नाही.

इकडं पेपर संपवून आलेल्या कौसल्याला फाटकं कव्हर दिसलं, कोण येऊन गेलं ते संपतनं सांगितलं. ती तशीच अंबडच्या कोर्टात गेली. ज्या वकिलानं ते पत्र हातात घेतलं नव्हतं, त्याच्यापुढं बसून तिनं स्वतः अर्ज सांगितला, तो लिहीत गेला. मुलीला जिल्ह्याबाहेर न्यायचं नाही, पासपोर्ट कोर्टात जमा करायचा, असा हुकूम दुसऱ्या दिवशी मिळाला आणि तिसऱ्या दिवशी मच्छिंद्रनं मला न्यायाधीशसाहेबांच्या टेबलावर ठेवलं.

आठ महिने तारखा चालल्या. अखेर निकाल झाला: मुलगी आईजवळ राहील, वडील दर डिसेंबरात येऊन भेटतील, पासपोर्ट कोर्टाच्या ताब्यात. मला लाखेचं सील लावून पाकिटात घातलं. तिथंच १९९९ला माझी मुदत संपली. अंधारात, कोणालाही न कळता.

पाकीट परत उघडलं ते २००६ साली. समोर काळा कोट घातलेली कौसल्या होती, अंबडच्या कोर्टातली वकील. शेजारी बारा वर्षांची रेणू. वडील दर डिसेंबरला येत राहिले होते. पहिली दोन वर्षं ती त्यांच्यासमोर नुसती बसायची. मग बोलू लागली. आता तिला तीन आठवडे त्यांचं घर पाहायचं होतं. मुलीला ठरल्या तारखेला परत पाठवीन, अशी लेखी हमी मच्छिंद्रनं तिकडच्या कोर्टात दिली होती. तिचा मसुदा कौसल्याचाच.

नव्या पासपोर्टच्या अर्जावर सही करायची होती. पेन कागदाला टेकेना.

"आई, कर ना सही."

"करते."

"भीती वाटते? मंग राहू दे. मी न्हाई जात."

कौसल्यानं तिच्याकडं पाहिलं. "वाटते. पण तुला परत पाठवलं नाही तर काय काय करायचं, ते मी तीन वर्षं बसून शिकलेय. पाठ आहे मला." आणि तिनं सही केली.

उद्या माझा कोपरा कापतील, वर 'रद्द' असा शिक्का मारतील. माझ्या जागी नवा येईल. माझी भीती गेली आहे असं म्हणणार नाही. विमानतळावरच्या साहेबांनो, तुम्हाला एकच सांगणं आहे. तिच्या नव्या पानावर जायचा शिक्का माराल, तेव्हा जरा कडेला मारा. शेजारी यायच्या शिक्क्याला जागा राहू द्या.