दोन्ही हात मोकळे

भावकू झाडावर चढला की चंपाबाईची मान वर व्हायची, ती तो उतरेपर्यंत खाली यायची नाही. तीस वर्षं हा उद्योग केल्यावर मानेचे बारा वाजणारच. मच्छे गावातल्या डॉक्टरनं तिला विचारलं होतं, "मावशी, काय काम करता?" तर ती म्हणाली होती, "नवऱ्याकडं बघायचं." डॉक्टर हसला, पण ती काही खोटं बोलली नव्हती. भावकू लोकांच्या घरावर आलेल्या फांद्या तोडायचा, आणि तोडलेली फांदी कुणाच्या कौलांवर पडू नये म्हणून तिला बांधलेला दोर धरून ती हळूहळू खाली सोडायचं काम चंपाबाईचं होतं.

या कामाला तिनं तांबडं लुगडंच नेसावं, असा भावकूचा हट्ट होता. ती वडगावच्या विणकरांची लेक. माहेरच्या मागावरची हिरवी, निळी, जांभळी लुगडी पेटीत पडून होती. पण कामाच्या दिवशी तिनं दुसरा रंग नेसला की हा गडी दारातच बसकण मारायचा. गल्लीतल्या बायका यावरून तिला चिडवायच्या. ती वरून रागवायची आणि आतून खुलायची. म्हाताऱ्याला अजून आपलं रूप दिसतंय, एवढं काय कमी आहे.

गेल्या आषाढात मात्र तिची खुशी उतरली. खानापूरकडच्या एका ओल्या फणसावर भावकूचा पाय निसटला आणि तो एका हातावर लोंबकळला. पाय परत बुंध्याला सापडेपर्यंत चंपाबाईनं होते नव्हते तेवढे देव आठवून घेतले. त्याच संध्याकाळी तिनं त्याला देव्हाऱ्यासमोर बसवलं आणि त्याच्या तळहातावर आपला तळहात ठेवला.

"साठी झाली तुमची. आता एकच झाड. त्यावरनं उतरला की पुन्हा चढायचं न्हाय. यल्लम्माची आण."

भावकूनं तोंड वाकडं केलं, पण करतो काय? हातावर हात ठेवून घातलेली शपथ, घालणाऱ्यानंच पुन्हा तसाच हात ठेवून "सुटली" म्हटल्याशिवाय सुटत नाही, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

ते एकच झाड म्हणजे विमानतळाजवळच्या सांबरा गावातल्या आण्णाप्पाच्या परसातला रायवळ आंबा. चार मजल्यांएवढा उंच, आणि त्याच्या सहा फांद्या घराच्या कौलांवर अशा आलेल्या की वारा सुटला की आण्णाप्पाच्या घरात कुणाला झोप नसायची. दिवाळी होऊन पाऊस पुरता गेल्यावर काम ठरलं. भावकू आणि चंपाबाईचा मुलगा साईराज बेळगावात विजेच्या तारांवरची झाडं छाटणाऱ्या एका ठेकेदाराकडं कामाला होता. शेवटच्या झाडाला तरी बापानं बांधून घ्यावं म्हणून तो आपला पट्ट्यांचा हार्नेस, एक जादा हार्नेस आणि चेनची करवत घेऊन आला. चंपाबाईला पोराची ही अक्कल लई पसंत पडली. तिथंच ती चुकली.

कमरेला रुंद पट्टा, दोन्ही मांड्यांना दोन, पुढं जाड कड्या, आणि मागं छोट्या पट्ट्याला लोंबणारी करवत. भावकू स्वतःकडं बघतच राहिला.

"हे बैलाचं हाय का माणसाचं?"

"माणसाचं, आप्पा," साईराज कडी तपासत म्हणाला. "बैल झाडावर चढत न्हाईत."

साईराजनं आधीच वरच्या बेचक्यातून दोर टाकून ठेवला होता. त्या दोराला भावकूला जोडलं, चार गोष्टी समजावल्या आणि वर सोडलं. करवत मांडीवर आपटत, शिव्या देत भावकू वर गेला. वर पोचल्यावर मात्र सगळं अडलं. चाळीस वर्षं त्याचा एक हात झाडाला आणि एक हात कुऱ्हाडीला. हे मशीन दोन्ही हात मागत होतं, आणि डावा हात काही फांदी सोडायला तयार नव्हता.

"आप्पा, हात सोडा," साईराज खालून ओरडला.

"सोडू म्हंजे?"

"सोडा आन मागं रेला. पट्टा धरतोय."

चंपाबाईनं डोळे मिटून घेतले. तिनं ते उघडले तेव्हा भावकू पाय बुंध्याला टेकवून आभाळात मागं रेलून बसला होता आणि त्याचे दोन्ही हात मोकळे होते. तो त्या हातांकडं बघत होता. आधी त्यानं बोटं हलवली. मग सूर्याला नमस्कार केला. मग वरून फट फट आवाज आला आणि चंपाबाईला वाटलं, फांदी मोडली. पण हा बाबा आरामात निपाणीचा तंबाखू मळून त्यावर टाळी मारत होता. झाडावर बसून तंबाखू मळायला दोन हात लागतात, आणि ते त्याला आज पहिल्यांदा मिळाले होते.

तिथून पुढं त्याला धरवेना. करवत सुरू झाली. फांदीला दोर बांधायचा, नेहमीसारखी खाली एक नजर टाकायची, कापायची, चंपाबाईनं दोर सोडत फांदी अलगद अंगणात उतरवायची. एक झाली, दोन झाल्या. तिसऱ्या फांदीला जाताना तो चालत गेला नाही, झोका घेऊन गेला. चौथीच्या वेळी उगाचच एक झोका जादा घेतला. साठ वर्षांचा माणूस, दोन नातवंडांचा आजोबा, आंब्यावर लोंबकळत खिदळत होता. आण्णाप्पाची सून कणकेचे हात घेऊनच बघायला बाहेर आली. दोन दिवसांचं काम जेवणाच्या वेळेआधी संपलं.

"उतरा आता," चंपाबाई म्हणाली.

"न्हाय."

"न्हाय म्हंजे?"

"उतरलो की पुन्हा चढायचं न्हाय, अशी आण हाय," भावकू वरून म्हणाला. "मग मी उतरतच न्हाय."

शपथ चंपाबाईचीच होती, शब्द तिचेच होते. त्यात हे भोक राहिलंय हे म्हाताऱ्याला केव्हा सुचलं कोण जाणे. बहुतेक तिसऱ्या झोक्याला.

तिनं आधी रागावून पाहिलं. मग गोड बोलून पाहिलं. मग, "उपाशी बसा तिथंच," म्हणाली आणि अर्ध्या तासानं तिनंच भाकरी, झुणका आणि खर्डा फडक्यात बांधून दोरावर चढवला. तो लोंबकळतच जेवला आणि वरून म्हणाला की झुणका आज झकास झालाय. खाली आता पंधरावीस माणसं जमली होती. कुणी म्हणालं अग्निशमनवाल्यांना बोलवा, कुणी म्हणालं राहू द्या, राखण होईल.

"भावकूमामा, रात्री काय करणार?" आण्णाप्पानं विचारलं.

"पट्टा हाय की."

साईराज म्हणाला, "मी जातो वर." तर भावकूनं वरून हात हलवला. "तू कशाला? शपथ तुझ्या आईनं घातलीया. तिनं यावं, हातावर हात ठेवावा आन सुटली म्हणावं. मी लगेच उतरतो."

"सुटली म्हणायला न्हाय," चंपाबाई साईराजला म्हणाली. "कान धरून खाली आणायला जाणार मी. बांध तो दुसरा पट्टा."

असं ती रागानं बोलून गेली, आणि मग पंधरावीस माणसांदेखत माघार घेता येईना. काष्ट्याच्या लुगड्यावर मांड्यांचे पट्टे छान बसले. साईराजनं फांद्या उतरवायला वरच्या कप्पीतून ओवलेल्या दुसऱ्या दोराला तिला जोडलं, तीन तीनदा तपासलं. ओझं वाहताना डोक्यावर ठेवायची तांबड्या चिंधीची चुंबळ तिनं कमरेतून काढून जमिनीवर टाकली. साईराज, आण्णाप्पा आणि आणखी दोघांनी दोर ओढायला घेतला, आणि चंपाबाईचे पाय जमिनीवरून सुटले.

पहिली पाच मिनिटं तिनं काही पाहिलं नाही. दोन्ही हातांनी दोर आवळून ती यल्लम्माचं नाव घेत होती. पानं गालाला लागली, एक तांबडी मुंगी दंडाला चावली, ती खाजवायला हात सोडायची सोय नव्हती. पाळण्यात बसल्यासारखी ती झुलत होती, आणि या वयात हे बरं नव्हे असं तिला वाटलं. तेवढ्यात अगदी कानाजवळ भावकूचा आवाज आला.

"डोळं उघड की."

तिनं उघडले. आणि तिला हसूच फुटलं. का, ते तिला सांगता आलं नसतं. उसाचे तुकडे, कौलं, रस्ता, रस्त्यावरची काडेपेटीएवढी गाडी, पलीकडं विमानतळाची लांब काळी पट्टी, सगळं तिच्या पायाखाली होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिची मान खाली होती आणि दुखत नव्हती.

"हे बघत बसायचा व्हय तुमी तीस वर्सं?" ती म्हणाली. "आन मी खाली कचरा डोळ्यात घेत हुती."

"बघायला फुरसत कुठली?" भावकू म्हणाला. "एक हात झाडाला. आजच बघितलं मी बी."

ती खाली माणसं शोधायला लागली. सगळं हिरवं आणि मातकट, त्यात माणसं मिसळून गेलेली. साईराजचा खाकी शर्ट तर जमिनीतच गडप झाला होता. त्या सगळ्यात एकच ठिपका लख्ख दिसत होता.

"ते तांबडं काय हाय?"

"तुझी चुंबळ."

चंपाबाई त्या ठिपक्याकडं बघत राहिली. मग तिनं आपल्या लुगड्याकडं बघितलं.

"म्हणून व्हय तांबडं लुगडं?"

"मग?" भावकू म्हणाला. "हिरवं नेसून तू झाडीत उभारलीस तर मला काय दिसणार? फांदी कुणाच्या टकुऱ्यावर घालू? तांबडं बाजूला सरल्याशिवाय मी कधी घाव घातला न्हाय." थोडं थांबून तो म्हणाला, "त्या फणसावरनं लोंबकळलो तवा बी खाली तेवढंच दिसत हुतं. म्हणून हात सुटला न्हाय."

चंपाबाईला रूपाचं वाईट वाटलं, पण ते क्षणभरच. तीस वर्षं ती त्याच्याकडं बघत होती आणि तिला वाटायचं, तो झाडाकडं बघतोय.

"काढा हात पुढं," ती म्हणाली.

भावकूनं तळहात पुढं केला. आता तिला एक हात सोडायला हवा होता. ती दोराला घट्ट चिकटली होती.

"सोड," तो म्हणाला. "पट्टा धरतोय."

तिनं आधी एक बोट सोडलं, मग दुसरं, मग हात. तो त्याच्या तळहातावर ठेवला. म्हाताऱ्याचा हात तंबाखूनं चिकट झाला होता.

"सुटली," ती म्हणाली. त्यानं हात काढायच्या आत तिनं तो दाबून धरला. "आन ही नवी. पट्ट्याशिवाय चढायचं न्हाय, आन मी खाली नसताना चढायचं न्हाय. यल्लम्माची आण."

"ही चालंल," भावकू म्हणाला. यावेळी त्यानं तोंड वाकडं केलं नाही.

तेवढ्यात विमानतळाकडून घरघर सुरू झाली. काळ्या पट्टीवरून एक विमान धावत आलं, उठलं आणि आंब्याच्या शेंड्याच्या जरा बाजूनं, पोटाखालची चाकं दिसतील इतकं जवळून वर गेलं. चंपाबाईनं दुसराही हात सोडला आणि दोन्ही हात वर करून त्याला टाटा केला. आतल्या लोकांनी पाहिलं की नाही ते यल्लम्मालाच ठाऊक. ती मागं रेलली होती आणि झुलत होती.

"आई," साईराज खालून ओरडला, "सुटली का शपथ? उतरवू का तुमाला?"

चंपाबाईनं खाली बघितलं. मग भावकूकडं बघितलं, तो पुन्हा तंबाखू मळायला लागला होता.

"थांब रं जरा," ती खाली ओरडली. "आण्णाप्पाला विचार, दुसरं इमान किती वाजता हाय."