पडद्यावरची फाल्गुनी

रंजिता पाटीलवर सिनेमा काढायचं ठरलं तेव्हा फाल्गुनीने एकच अट घातली. आपलं नाव, आपला चेहरा, आपल्यासारखी दिसणारी कुणीही त्यात नको.

रंजिता कोरीटची सरपंच. तिचं नाव झालं ते पहिल्या निवडणुकीत. समोरच्या पॅनलच्या वाहरूने मतदानाच्या तोंडावर गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो टाकला. शेताच्या बांधावर रंजिता आणि ओढणीने तोंड झाकलेली एक बाई, हातात हात घेऊन बसलेल्या. दुसऱ्या दिवशी पारावर सभा होती. रंजिता उभी राहिली आणि म्हणाली, "फोटो खरा शे. ती मन्ही घरवाली शे. आते पानीनी गोट करूत."

लोक मग पाण्यावरच भांडले. ती निवडून आली. पेपरवाल्यांनी तिला 'पहिली' म्हटलं. पहिली की कितवी, हे तपासत कुणी बसलं नाही. पण त्यानंतर कुठून कुठून मुलंमुली तिला भेटायला येऊ लागली. ती त्यांच्या आईवडिलांशी बोले, वेळ पडली तर पोलीस ठाण्यात जाऊन बसे. अशा जोडप्यांना कुणी भाड्याचं घर नाकारू नये म्हणून निवेदन घेऊन ती मंत्रालयापर्यंत जाऊन आली होती.

फोटोतली ती बाई फाल्गुनी. खापरच्या अमरचंद कापडवाल्यांची मुलगी. घर सोडून ती कोरीटला आली, मिरची कांडपाचं मशीन टाकलं आणि रंजिताच्या आईच्या, धनुबाईच्या हाताखाली भाकरी थापायला शिकली. तिकडे खापरला घरच्यांनी समाजात सांगितलं होतं, फाल्गुनी सुरतला नोकरीला आहे. रंजितानेही कुठल्या मुलाखतीत तिचं नाव घेतलं नव्हतं.

दिग्दर्शिका सुनिता मूळची शहाद्याची, आता मुंबईत राहणारी. पटकथा झाल्यावर ती वाचून दाखवायला आली. ओट्यावर धनुबाई मिरच्यांचे देठ खुडत होती. तिच्याजवळच फाल्गुनीही खुडायला बसली, रंजिता खांबाला टेकून ऐकत होती. सिनेमात रंजिताची एक मैत्रीण होती, मीरा नावाची. शिक्षिका, सावळी, लांब केसांची. फाल्गुनीशी तिचं काहीच जुळत नव्हतं. घरचे मीराचं लग्न ठरवतात. इंटरव्हलच्या आधी मीरा विहिरीत उडी घेते. त्या दुःखातून रंजिता उभी राहते आणि निवडणूक लढवते.

सुनिताचा आवाज वाचता वाचता भरून आला. धनुबाईला नीट ऐकू येत नसे. तिने विचारलं, "कोन मरनं वं?"

"मी, माय," फाल्गुनी म्हणाली.

"तू त आठे बठेल शे."

फाल्गुनीने हातातली मिरची टोपल्यात टाकली. "माले कसाले मारी टाकं?" तिने सुनिताला विचारलं.

सुनिता गडबडली. "तुमच्यासारखी कुणी नको, असं तुम्हीच म्हणालात. मग रंजिताताई एकट्या का, याला काहीतरी कारण लागतं. आणि मरण दाखवलं की प्रेक्षक हलतो."

"एकटी कुठे आहे ती? मतमोजणीच्या दिवशी तहसीलबाहेर मी डबा घेऊन उभी होते. ती पडेल म्हणून नाही, उपाशी राहील म्हणून. आमच्याकडे ज्या मुली येतात ना सुनिताताई, त्यांच्या डोक्यात आधीच विहीर असते. त्या तुमचा सिनेमा बघतील, आणि त्यातही विहीरच?"

फाल्गुनी रंजिताकडे वळली. "तुले माहीत व्हतं?"

"काल सांगं तिनी," रंजिता म्हणाली. "अट तुन्ही व्हती. मी काय बोलू?"

फाल्गुनी उठून कांडपाच्या खोलीत गेली. मशीन चालू झालं, बराच वेळ चालू राहिलं. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. मिरचीने की कशाने, कुणी विचारलं नाही.

"जिवंत दाखवा," ती सुनिताला म्हणाली. "नावासकट. पण आधी मला खापरला जाऊन येऊ द्या."

रंजिता बरोबर यायला निघाली, पण फाल्गुनी एकटीच गेली.

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. अमरचंद गादीवर, भाऊ अरिहंत ताग्यांच्या घड्या घालत होता. तिला बघून अरिहंतने दोन तागे खाली टाकले. आई, सज्जनबाई, मागच्या दारातून आली. फाल्गुनीने पाणी घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. सिनेमा, पहिली पटकथा, विहीर, आणि आता आपण नावाने येणार तेही.

"आणि आम्ही लोकांना काय सांगायचं?" अरिहंत म्हणाला. "इतकी वर्षं सुरत सांगितलं."

"ते तुम्ही ठरवा. मी विचारायला नाही आले, सांगायला आले. पडद्यावर बघून कळण्यापेक्षा बरं."

अमरचंदांनी पुढ्यातली हिशोबाची वही मिटली. मग म्हणाले, "आडनाव लावू नको."

"नाही लावणार, पप्पा."

"आणि आमचं काय दाखवणार? मारलं, कोंडलं?"

"मी गेले त्या दिवशी तुम्ही दुकान बंद करून स्टँडवर आला होतात. बस येईपर्यंत बाकावर बसलात. काही बोलला नाहीत. तेवढंच सांगणार आहे."

अमरचंदांनी चष्मा काढून पुसला. अरिहंत म्हणाला, यापुढे दुकानात येऊ नकोस. ती उठली. सज्जनबाई तिच्या मागे रस्त्यापर्यंत आली.

"त्यात तू मरत नाहीस ना आता?"

"नाही, मम्मी."

"मग होऊ दे," सज्जनबाई म्हणाली आणि पदर सावरत परत गेली.

सिनेमा पुढच्या वर्षी आला. नंदुरबारला तो चारच दिवस चालला. कोरीटहून दोन ट्रॅक्टर आणि एक पिकअप भरून लोक गेले. वाहरूही गेला, त्याचं काम केलेल्या नटाला मोठ्या मिशा होत्या म्हणून त्याला फार राग आला. "मन्ह्या मिशा कधी व्हत्या का?" असं तो जो भेटेल त्याला विचारत होता. फोटो टाकल्याबद्दल मात्र काही बोलला नाही. स्टँडच्या प्रसंगात फाल्गुनी बाहेर निघून आली. रंजिताही तिच्या मागून आली आणि दोघींनी थिएटरच्या पायरीवर बसून चहा घेतला. उरलेला सिनेमा त्यांनी नंतर मोबाइलवर पाहिला.

दोन व्यापाऱ्यांनी फाल्गुनीकडून मिरची पूड घेणं बंद केलं. अरिहंत बोलत नाही. सज्जनबाई दर रविवारी फोन करते. पलीकडे अमरचंदांच्या खोकल्याचा आवाज येतो, पण ते फोन हातात घेत नाहीत.

त्या हिवाळ्यात एका पक्षाने रंजिताला पंचायत समितीचं तिकीट देऊ केलं. निरोप घेऊन आलेला माणूस म्हणाला, "सिनेमा चांगला आहे ताई, त्याचा फायदाच होईल. फक्त त्या बाईंना स्टेजवर आणू नका."

रंजिताने त्याला चहा पाजला आणि तिकीट नको म्हणून सांगितलं. ती अपक्ष उभी राहिली. प्रत्येक सभेत फाल्गुनी स्टेजवर होती, बहुतेक वेळा माईकची वायर सांभाळत. रंजिता पडली. कोरीटने तिला भरभरून मतं दिली, बाकीच्या गावांनी नाही.

निकालाच्या संध्याकाळी धुळ्याहून दोन मुली आल्या. सिनेमा बघून आल्या होत्या, घरी सांगितलं नव्हतं. फाल्गुनीने त्यांना आधी जेवायला वाढलं.