साखर मारणारं पान

भूमच्या आठवडी बाजारात त्या दिवशी भाजीकडं कुणी बघत नव्हतं. सगळी गर्दी रणधीर महाराजाच्या मांडवापुढं लोटली होती. भगवं उपरणं पांघरलेला महाराज डोळे मिटून गर्जत होता, "आरग्वध! विभीतक! खदिर! निर्गुंडी! मेषशृंगी!" आणि एकेका नावाला बायाबापड्या हात जोडत होत्या.

पुढच्या खुर्चीवर उमाशंकर गुरुजी बसले होते. हायस्कुलात तीस वर्षं त्यांनी संस्कृत शिकवलेलं. हा मंत्र नव्हे. बहावा, बेहडा, खैर, निगडी आणि बेडकीपाला यांची ही नुसती नावं आहेत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. नववीच्या वर्गात रणधीरकडून ती त्यांनीच पाठ करून घेतली होती. पण रणधीरनं भर गर्दीत त्यांच्या पायावर डोकं ठेवलं, "ही विद्या माझ्या गुरुजींची!" म्हणाला, आणि गुरुजी सुखावून गप्प बसले.

मग चमत्कार झाला. रणधीरनं बसप्पा नावाच्या शेतकऱ्याला एक पान चावायला लावलं आणि त्याच्या जिभेवर चिमूटभर साखर ठेवली.

"कशी लागती?"

"आयला, वाळू खाल्ल्यागत! गोडच न्हाय!"

"मेली!" रणधीर ओरडला. "मेषशृंगीनं साखर मारली! जिभेवरची मेली ती रक्तातलीबी मेली. आता गोळ्या कशाला आन् सुया कशाला?"

गुरुजींच्या बायकोला, कमलबाईंना, बारा वर्षांपासून मधुमेह होता. त्यांनीही तिथंच रणधीरनं हातावर ठेवलेलं पान चावून पाहिलं. साखर खरंच मातीसारखी लागली. घरी येताच त्यांनी रणधीरनं दिलेली पानांची पुडी हाताशी ठेवली आणि गोळ्यांचा डबा फडताळात वर सरकवला.

"बंद करू ना हो?"

"रणधीर माझ्या हाताखालचा पोरगा आहे," गुरुजी म्हणाले. "तो खोटं बोलायचा न्हाय."

पाचव्या आठवड्यात कमलबाई स्वयंपाकघरात कोसळल्या. रक्तातली साखर पाचशेच्या वर गेली होती. पायाला झालेली जखम चिघळली होती, ती त्यांना जाणवलीच नव्हती. जीव वाचला, डाव्या पायाची दोन बोटं कापावी लागली.

"गोळ्या कुणी बंद केल्या?" डॉक्टर चैतालींनी विचारलं. गुरुजींनी खाली मान घालून पानांची पुडी पुढं केली.

"बेडकीपाला," डॉक्टर म्हणाल्या. "हा चावला की अर्धा-पाऊण तास जिभेला गोड कळत नाही. साखरेला काहीच होत नाही, गुरुजी. फसते ती जीभ."

पुढच्या बाजारी गुरुजी मांडवात शिरले. रणधीर पाया पडायला वाकला. त्यांनी पाय मागं घेतले. तांब्याभर पाण्यात त्यांनी सगळ्यांसमोर साखर विरघळवली. बसप्पाला पान चावायला लावून अर्धं पाणी त्याला दिलं, अर्धं शेजारच्या बांगडीवाल्या शिवकन्येला.

"नुसतं पाणी हाय," बसप्पा म्हणाला.

"कुठलं पाणी? गोडमिट्ट सरबत हाय की!" शिवकन्या म्हणाली.

"एकाच तांब्यातलं पाणी," गुरुजी गर्दीकडं वळले. "साखर मेली असती तर हिला गोड कसं लागलं?"

रणधीर हलक्या आवाजात म्हणाला, "गुरुजी, म्या तुमचंच नाव मोठं केलं. अन् लोकांना हेच पायजे असतंय."

"परीक्षेच्या दिवसांत तू कमलच्या हातचं जेवलास. तिला साखर आहे, हे तुला ठाऊक होतं. तिच्या हातावर पान ठेवताना तुला काहीच कसं वाटलं न्हाय रे?"

गुरुजी पुन्हा गर्दीकडं वळले.

"मेषशृंगी म्हणजे मेंढ्याचं शिंग. शेंग तशी दिसते म्हणून कुणीतरी हे नाव ठेवलं. नावात जादू नसते. झाडात औषध असेलही, पण ते तपासून सिद्ध व्हावं लागतं. संस्कृत कानावर पडलं की हात जोडू नका, अर्थ विचारा. रक्तात काय चाललंय ते जिभेला कळत नाही, ते तपासणीत कळतं. मला सगळं कळत होतं, अन् कौतुकाच्या लोभानं मी गप्प बसलो. त्याचा जाब मलाही विचारा."

बसप्पा पुढं आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"गुरुजी, म्या आईच्या सुया बंद केल्यात. तीन आठवडं झालं."

"गाडी कुठंय तुझी?"

"ही काय, हितंच."

"काढ. आईला घेऊन आत्ताच दवाखान्यात जाऊ," म्हणत गुरुजी त्याच्या मोटारसायकलवर मागं बसलेसुद्धा.