यामिलेच्या दंडावरचा चमचा

ओविदिओच्या गुऱ्हाळापुढे सकाळपासून ही गर्दी! फोन हातोहात फिरत होता आणि ज्याच्या हाती येई तो छातीवर क्रूस काढी. पडद्यावर काही महिन्यांपूर्वीचा व्हिडिओ, त्यात आमच्याच गावची यामिले. डाव्या दंडावर, लस टोचलेल्या जागी, स्टीलचा चमचा चिकटलेला. मांडीवर चार वर्षांची मारयोरी टाळ्या पिटत होती, "आई, पुन्हा कर ना!"

मारयोरीला गोवराने नेऊन दोन महिने झाले होते. हा चमचा पाहूनच यामिलेने तिला लस दिली नव्हती. फोनमध्ये मात्र पोर अजून खिदळत होती.

मग त्याच व्हिडिओत बोगोटाचे डॉक्टर सेलेस्तिनो अवतरत. कशाचे डॉक्टर, ते त्यांनाच ठाऊक. "बंधूंनो, ही लस नव्हे, लोहचुंबक आहे! आज आई चुंबक झाली, उद्या तुमचं बाळ होईल! कुणी पुसून टाकायच्या आत पुढे पाठवा!" माझी पोर गेली, आता हा व्हिडिओ काढा, असं यामिलेने त्यांना हात जोडून लिहिलं. त्यांनी तिलाच ब्लॉक केलं.

दुपारी लस टोचायला नर्स येणार होती, म्हणून बाया तान्ह्यांना घेऊन डोंगरावर लपायला निघाल्या होत्या.

"बाई, तुम्ही शाळेत शिकवता ते पुस्तकातलं," ओविदिओ मला म्हणाला. "हे डोळ्यांना दिसतंय."

"दिसतंय ना? मग इथेच करून बघू."

काहिलीपाशी रस ढवळणारी यामिले आपणहून पुढे आली. तिने चमचा डाव्या दंडावर ठेवला. चिकटला. मग उजव्या दंडावर. तिथे सुई कधीच लागली नव्हती, तरी चिकटला.

"अगं बाई, विष अंगभर भिनलंय!" कुणीतरी कुजबुजलं.

"मग या खांबालाही लस दिलीय का गं?" यामिलेने चमचा लाकडी खांबावर दाबला. तिथेही तो राहिला.

मी बादली आणि साबण पुढे केला. तिने दोन्ही दंड खसाखसा धुतले. चमचा लावला, खणकन पडला. तीनदा लावला, तीनदा पडला.

उकळत्या रसाचे शिंतोडे अंगावर, खांबांवर उडतात आणि वाळतात. आमच्याकडे सगळ्यांचंच अंग चिकट, त्याकडे कोण बघतो?

"बाई, मला हे आधी का नाही सुचलं?" यामिले रडत म्हणाली.

मारयोरी असताना व्हिडिओ पहिल्यांदा आला, त्याच दिवशी मी तो पाहिला होता. मूर्खपणा म्हणून हसले आणि फोन बाजूला ठेवला.

दुपारी नर्सपुढे सात बाया रांगेत होत्या. तिघी डोंगरावरून परतल्याच नाहीत.

वाचकहो, चमचा खरोखरच चिकटला होता. कशाने, ते मात्र कुणी विचारलं नाही. तुम्ही विचारा. जाणत्याला विचारल्याशिवाय काही पुढे पाठवू नका. आणि खोटं ओळखलंत तर हसून गप्प बसू नका. मी बसले, आणि मारयोरी गेली.