चाळीसगावात आलेलं लढाऊ जहाज

मी जहाज बोलतोय. आता माझ्या सात फळ्या उरल्या आहेत, चाळीसगावहून धुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका नव्या हॉटेलमागे, पत्र्याच्या शेडमध्ये टेकवून ठेवलेल्या. पण मी तीन डोलकाठ्यांचं, अडतीस तोफांचं लढाऊ जहाज होतो.

दोनशे वर्षांपूर्वी शिरपूरकडच्या डोंगरात सागाची झाडं तोडली, ओंडके तापीत सोडले आणि सुरतेवरून मुंबईच्या गोदीत नेले. त्यांच्याबरोबर जीवराम सुतार आला. मला बांधणाऱ्यांत तो होता, आणि पुढे माझ्यावरच नोकरीला राहिला. रोज सकाळी तो माझ्या फासळ्यांवर बोटाने टकटक करी आणि आवाजावरून कुठे ओल धरली ते ओळखी.

आधी मी आखातात व्यापारी गलबतांची राखण केली. मग मला ब्रह्मदेशाच्या लढाईवर धाडलं. तिथल्या किल्ल्यावरून आलेल्या गोळ्याने माझ्या कुशीत, पाण्याच्या रेषेखाली भगदाड पडलं. गोरे खलाशी होड्या सोडायच्या गडबडीत होते. जीवराम छातीभर पाण्यात उभा राहून फळ्या ठोकत होता. अख्खी दुपार ठोकत होता. मी वाचलो, माझ्यावरची दोनशे माणसं वाचली.

कप्तानाने सगळ्यांसमोर त्याच्या खांद्यावर हात ठेवला. या माणसाला मी स्वतः मुंबईला पोचवीन, असं तो म्हणाला.

आठवड्याभरात जीवरामला ताप भरला. दोन दिवस जमिनीवर आराम कर, असं सांगून त्याला बंदरावर उतरवलं. दुसऱ्याच सकाळी नांगर उचलला. ताप पसरेल, अशी कप्तानाला भीती होती. जीवराम धक्क्यावर आला, खांबाला धरून उभा राहिला. त्याने कप्तानाला हाक मारली नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, "माले बी लई जाय." मलाही घेऊन जा.

माझ्या शिडांत वारा होता आणि सुकाणू दुसऱ्याच्या हातात. मी त्याच्याकडे पाठ फिरवली. मीच दगा दिला असं त्याला वाटलं असेल. खोटं तरी कसं म्हणू?

त्यानंतर आगबोटी आल्या. माझी शिडं उतरवली, मला गोदीत कोठार म्हणून बांधून ठेवलं आणि एके दिवशी मोडून विकलं. खानदेशात तेव्हा कापसाची तेजी होती. माझी सर्वांत मोठी तुळई रेल्वेने चाळीसगावला आली. दीडशे वर्षं तिने सरकी काढायच्या कारखान्याचं, म्हणजे जिनाचं, छत पेललं. मी लाकूड आहे, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं.

मागच्या वर्षी, जिन बंद पडल्यावर, कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या प्रज्ञाताई जुन्या इमारतीची मापं घ्यायला टेप घेऊन आल्या. तुळईवर कोरलेला, तोफेची जागा दाखवणारा आकडा त्यांना दिसला. चार महिने त्यांनी मुंबईला पत्रं लिहिली, जुनी कागदपत्रं चाळली. मग एका दुपारी माझ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तू जहाज आहेस." माझं लाकूड आतून हललं.

जिनाचे मालक प्रेमराजभाऊ यांनी मला हार घातला, फोटो काढून घेतला. तुळई कॉलेजची, शब्द दिला, असं ते पाच माणसांत म्हणाले. प्रज्ञाताईंनी विश्वास ठेवला. मीही ठेवला.

पुढे ताई पेपर तपासायला आठ दिवस धुळ्याला गेल्या. तेवढ्यात प्रेमराजभाऊंनी सुपडू मिस्तरींना बोलावलं. त्यांना नव्या हॉटेलसाठी जुन्या सागाची टेबलं हवी होती. करवत लावण्याआधी मिस्तरींनी दोनदा विचारलं, ताईंना माहीत आहे का. भाऊ हो म्हणाले.

ताई परत आल्या तेव्हा मी फळ्या झालो होतो. कोरलेल्या आकड्याचा भुसा झाला होता.

"भाऊ बोलनात, ताईले इचारेल शे," मिस्तरी खाली बघत म्हणाले. ताईंना विचारलंय, असंच भाऊंनी त्यांना सांगितलं होतं. "मी तुमले फोन कराले जोयजे व्हता."

ताईंनी तिथूनच भाऊंना फोन लावला. पलीकडून भाऊ हसत म्हणाले, "रागावू नका मॅडम. एक टेबल तुमच्यासाठी कायम राखीव ठेवतो."

ताईंनी फोन ठेवला. मिस्तरींनी पुढे केलेला लाकडाचा तुकडाही त्यांनी घेतला नाही.

उद्या मला पॉलिश होईल. कॉलेजच्या आवारात माझ्यासाठी चौथरा बांधून झालाय म्हणे, पाटीसुद्धा लागली आहे. ती पाटी काढू नका. मुलं विचारतील, इथलं जहाज कुठंय. त्यांना खरं काय ते सांगा.