तात्या खुडूक बसले

भांडण पेटलं ते मिक्सरवरून, आणि मिक्सरचा त्यात काडीचाही दोष नव्हता. हे मी आज सांगतोय. त्या दिवशी मीसुद्धा मिक्सरलाच चोर ठरवून मोकळा झालो होतो.

"माझ्या माहेरचा आहे ना, म्हणून त्याच्यावर आळ!" थोरली सून ओसरीवरून कडाडली. "तुमची ती इस्त्री बघा आधी. वायर बघा तिची, गांडूळ बरं."

"इस्त्री चालू तरी होती का गं?" थोरला म्हणाला. "तू मिक्सरचं बटण दाबलंस नि सगळं घर गेलं. मी डोळ्यांनी बघितलं."

"डोळे होते तर मग चटणी का वाटली नाहीत तुम्ही?"

त्यांच्या नि माझ्या घरामध्ये नुसतं काट्यांचं कुंपण आहे. शेरडं अडतात, बोलणं अडत नाही. मी कुंपणातली फट वाकवून आत गेलो. ऊन असं होतं, की अंगणातली माती पायाला सहन होईना, चप्पल घातलेली असूनही.

आता त्या घराची पेटी सांगतो, कारण सगळं त्या पेटीवर आहे. दाराच्या आत, उजव्या हाताला. तिच्यात एक मोठं बटण, सेफ्टीचं. कुठं करंट गळायला लागला, वायर ओली झाली, कुणाला शॉक बसायची वेळ आली, की ते खट् करून स्वतःच खाली पडतं आणि घरातली सगळी वीज तोडतं. त्याच्या शेजारी छोट्या बटणांची रांग, खोलीला एकेक. आणि रांगेत अगदी शेवटी एक बटण असं, की त्यावर म्हातारीनं, म्हणजे थोरल्याच्या आईनं, चिकटपट्टी लावलेली. वर केलेलं ते कुणी खाली करू नये म्हणून, गच्च.

ते गोठ्याचं. गोठ्यात म्हशीला पंखा आहे.

"म्हशीला पंखा नि मला पुठ्ठा," हे तात्या, म्हणजे त्या घरातला म्हातारा, उन्हाळाभर म्हणायचे. म्हैस म्हातारीच्या भावानं दिलेली. ती दारात आल्यापासून तात्यांचं नि तिचं पटलं नाही. विहीर आटली, म्हशीमुळे. थोरला परीक्षेत नापास झाला, म्हशीमुळे. गुडघा धरला, म्हशीमुळे. त्यामुळे तात्यांनी "म्हैस" म्हटलं की घरातली माणसं ऐकायचंच बंद करायची.

एवढ्यात धाकटी सून आतून आली. ती भांडत नव्हती, आणि त्यामुळेच सगळे तिच्याकडे वळले.

"पेटी गार व्हायला लागलीय," ती म्हणाली.

तिची पेटी निराळी. अंडी उबवायचं मशीन. नवरा ट्रकवर, महिना महिना बाहेर. हिनं स्वतःच्या हिमतीवर ते मशीन आणलं, माळ्याखाली ठेवलं, रोज अंडी फिरवली. त्या सकाळी अंड्यांच्या आतून टकटक ऐकू आली होती. मलाही बोलावून कान लावायला लावला होता. आणि आता वीज नाही. ऊन बाहेर कितीही असो, मशीनची ऊब ती मशीनची ऊब. पिलं आतल्या आत मेली असती.

थोरल्यानं वायरमनला फोन लावला. वायरमन कुठल्याशा खांबावर चढलेला होता, खालून वारं आणि वरून त्याचा आवाज येत होता.

"सोपं आहे," तो ओरडला. "घरातलं सगळं काढा. छोटी बटणं सगळी खाली. मोठं वर करा. राहिलं वर, तर एकेक छोटं वर करत जा, मग एकेक वस्तू लावत जा. ज्याला बटण पडेल, तो चोर. आणि काय वाट्टेल ते करा, पण मोठं बटण डावलून वायर सरळ जोडू नका. ते तुमच्या जिवाची राखण आहे. उतरलो की ये—"

खट्. नाही, हे पेटीचं नाही. फोन कट झाला.

थोरल्यानं छोटी बटणं एकेक खाली केली. शेवटच्याकडे बोट गेलं, तशी म्हातारी गोठ्यातून ओरडली.

"त्याला हात लावायचा नाही! वायरमन काय म्हणाला? घरातलं. गोठा घरात येतो का?"

थोरला माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "नाही येत." आता काय सांगू. मला ते पटलं होतं.

आणि "सगळं काढा" हेही त्यांनी शब्दशः घेतलं. मिक्सर अंगणात आला. इस्त्री आली. टीव्ही आला, दोघांनी उचलून. टेबलफॅन, रेडिओ, पाणी तापवायची कांडी. मग भिंतीवरचं घड्याळ.

"त्याला सेल असतो," मी म्हटलं.

"तुमचं काय जातंय?" थोरली म्हणाली, आणि तात्यांच्या उशाखालची बॅटरीसुद्धा आणून ओळीत ठेवली. "हिच्यातही करंट असतो."

अंडी वाचवायची तर ऊब पाहिजे. धाकटीनं घरातली माणसं बघितली. हलणारी कोण, न हलणारी कोण. मग ती तात्यांपुढे जाऊन उभी राहिली.

"तात्या, मांडी घाला."

"कशाला?"

"घाला तर."

त्यांच्या मांडीत उशी, उशीवर अंडी, वर घोंगडी, गळ्यापर्यंत. "हलायचं नाही. जोरात खोकायचं नाही."

"अगं, मी काय खुडूक कोंबडी आहे?"

"आज आहात," धाकटी म्हणाली.

उरलेली अंडी थोरलीच्या पदरात, थोरल्याच्या बंडीत. माझ्या वाट्यालाही आली. दोन्ही काखांत अंडं धरून माणूस कसा उभा राहतो ते तुम्ही करून बघा. नमस्कारसुद्धा करता येत नाही.

तात्या बसले ते गोठ्याकडे तोंड करून. ओसरीवरची खाटच तशी होती.

मोठं बटण वर. छोटी एकेक वर. राहिलं. आणला मिक्सर. लावला. मिक्सर घरघरला, चटणीशिवायच, बराच वेळ. काही झालं नाही. थोरलीनं त्याला पदरानं पुसलं. पदरात अंडी आहेत हे तिला उशिरा आठवलं.

मग इस्त्री. थोरल्यानं लावली, लाल दिवा लागला, तवा तापला, थोरली हिरमुसली आणि थोरला छाती काढून म्हणाला, "बघितलंस? मी काय म्हणत होतो? माझी इस्त्री म्हणजे एकदम—"

खट्.

इस्त्री अंगणाच्या टोकाला गेली. फेकली म्हणत नाही, पण ठेवली असंही म्हणता येणार नाही.

पुन्हा सगळं वर. टीव्ही लावला. चित्र आलं, एक बाई रडत होती, थोरली म्हणाली, "थांबा हं, ही आज सासूला सांगणार आहे की त्या घराचा खरा वारस—"

खट्.

टीव्हीही चोर? मग काहीच न लावता बटण वर केलं. राहिलं. थोरला हसला, "म्हणजे टीव्ही आणि इस्त्री दोघं मिळू—"

खट्.

काहीच लावलेलं नव्हतं. माझ्या डाव्या काखेत काहीतरी टकटकलं.

"म्हैस आहे," तात्या घोंगडीतून म्हणाले.

कुणीही मान वळवली नाही.

"वस्तू सगळ्या बाहेर आहेत," थोरला विचार करत म्हणाला. "आत काय होतं? माणसं होती." आणि त्यानं ठरवलं, की आता माणसं एकेक करून आत घ्यायची. तो शुद्धीवर होता. उन्हाची शप्पत. आम्ही सगळे बाहेर, बटण वर, तो दारात.

"तुम्ही आधी. परके आहात."

मी आत गेलो. काखा झाकून उभा राहिलो. बटण वरच. मी निर्दोष सुटलो आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. मग थोरली उंबऱ्यावर आली, पाय उचलला—

खट्.

"सापडली!" थोरला म्हणाला.

त्यानंतर थोरलीनं काय काय म्हटलं ते कुंपणापलीकडे माझ्या बायकोनं ऐकलं आणि शेरडांनीही ऐकलं. ते इथं लिहीत नाही.

"म्हैस आहे रे," तात्या. "बघा तरी."

"तात्या, तुम्ही उबवा," थोरला ओरडला. "बास झालं. हे बटणच नको. वायर सरळ जोडतो, मग बघू कसं पडतंय." तो पक्कड घेऊन पेटीकडे गेला. धाकटी आडवी आली, "वायरमन नको म्हणालाय," तर म्हणाला, "तुला पिलं पाहिजेत का नकोत?"

ती बाजूला झाली. पिलं पाहिजे होती.

तात्यांनी गोठ्याकडे बघितलं. म्हातारी बादली रिकामी करून म्हशीच्या ओल्या पाठीवर तळवा फिरवत होती. तात्या उठायला गेले आणि अर्ध्यात थबकले. मांडीत एक अंडं फुटत होतं. आतून.

"अरे, आई मरेल तुझी!" ते बसल्या बसल्या ओरडले. इतका आवाज त्यांचा कुणी ऐकला नव्हता. "पक्कड खाली ठेव!"

"तात्या," धाकटी खाटेपाशी बसली. "नीट सांगा."

तिनं विचारलं म्हणून तात्या नीट बोलले. "मला हलायला बंदी. मग दुसरं काय करू? बघत बसलो. म्हातारी पाणी ओतते. शेपटी भिजते. माशी बसली की ती शेपटी भिंतीवर आपटते. आणि आपटते कुठं, तर पंख्याच्या वायरीला जोड दिलाय तिथं. जोडाची पट्टी उन्हानं सुटलीय. मग म्हैस फुर्र करते, मग खट्. पंखा बंद. म्हैस तापते. म्हातारी परत पाणी ओतते."

सगळे गोठ्याकडे बघायला लागले. म्हातारीनं बादली मागे लपवली.

"आई, म्हशीपासून लांब या. भाऊजी, एकदाच बटण वर करा," धाकटी म्हणाली.

बटण वर गेलं. गोठ्यात पंखा फिरला. आम्ही श्वास धरून. तात्या सांगायला लागले, अगदी हलक्या आवाजात: "माशी आली. फिरतेय. बसली. शेपटी उचलली बघ. आता—"

फुर्रर्र.

खट्.

थोरल्याची पक्कड हातातून पडली. थोरलीनं नवऱ्याकडे बघत सावकाश उंबरा ओलांडला, आणि तो सगळ्यात जास्त त्यालाच घाबरला.

चिकटपट्टी म्हातारीनं स्वतः काढली. नखानं, कोपऱ्यापासून, हळूहळू. गोठ्याचं बटण खाली केलं. मोठं वर. इस्त्री तापली, टीव्हीतली बाई सासूला सांगून मोकळी झाली, आणि माळ्याखाली धाकटीच्या मशीनचा पिवळा दिवा लागला. आमच्या काखांतली, बंडीतली, पदरातली अंडी परत गेली. माझं एक चिरलेलं निघालं, पण आतून. चोच दिसत होती.

तात्यांची मात्र जागची हलवायची नाहीत, धाकटीनं सांगितलं. एक पिलू अर्धं बाहेर, बाकीची वाटेवर. "हलायचं नाही," तात्या आम्हालाच दरडावले, आम्ही लांब उभे असूनही.

"पंखा बंद केलात ना?" म्हातारी म्हणाली. "मग ती इथं येईल. वायरमन येईपर्यंत."

म्हैस ओसरीच्या खांबाला बांधली. थोरलीनं टेबलफॅन तिच्याकडे वळवला. बरोब्बर तात्यांच्या शेजारी. तात्या घोंगडीत, घाम नाकावरून गळतोय, आणि म्हैस वाऱ्यात डोळे मिटून रवंथ करतेय.

मग माशी आली. बसली. शेपटी उठली, आणि ओलीगच्च तात्यांच्या गालावर पडली. चपराकच.

आम्ही सगळ्यांनी एकदम पेटीकडे बघितलं. बटण वर होतं.

"हिला सांग," तात्या कुजबुजले, मांडीत पिलू होतं म्हणून, "शेपटी आवर म्हणावं."

"तुम्हीच सांगा की," म्हातारी म्हणाली. "शेजारी बसलाय."

तात्यांनी म्हशीकडे मान वळवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी तोंड उघडलं आणि मला वाटलं, आता मधेच कुठंतरी पुन्हा तुटणार. पण नाही. ते वाक्य पुरं झालं.

"बाई," ते म्हणाले, "पंखा जरा इकडेही येऊ दे."