दमयंतीचा पुसलेला नंबर

पनवेलच्या तहसील कचेरीजवळ माझं फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. पासपोर्ट, रेशनकार्ड, जातीचा दाखला, काय म्हणाल ते. सोळा वर्षं झाली. लोक मला कीर्तीताई म्हणतात आणि थोडे घाबरतातही, कारण मी ओरडते. झेरॉक्स एकाच बाजूची आणली तर ओरडते, मूळ कागद घरी ठेवून आलात तर जास्तच ओरडते. अशा बाईला तिच्या सख्ख्या भावाच्या एका फॉर्मने हात टेकायला लावले.

प्रणित, माझा धाकटा भाऊ, हॉलंडमध्ये बंदरातल्या क्रेन दुरुस्त करतो. आधी इथेच न्हावा-शेव्याला करायचा. तिकडे भाड्याने खोली मिळेना, तेव्हा या पठ्ठ्याने बावीस वर्षं जुनी एक होडी विकत घेतली आणि तिच्यातच राहायला गेला. कोळ्याचा पोर, दुसरं काय करणार. फायबरची, दहा मीटर लांब, आत पलंग, शेगडी, संडास, सगळं. एका लहानशा बंदरात ती बांधायला जागाही मिळाली. पण माणूस परक्या देशाचा, म्हणून बंदरवाल्यांनी अट घातली की तीस तारखेच्या आत होडीची नोंदणी करून आण, नाहीतर जागा खाली कर. आजूबाजूची बंदरं जागा द्यायच्या आधीच नोंदणीचा तो कागद मागत होती. म्हणजे जागा गेली की पत्ता गेला, आणि पत्ता गेला की प्रणितचा तिथे राहायचा परवाना लटकला.

नोंदणीला होडीचा नंबर लागतो. बांधणाऱ्याने होडीच्या मागच्या अंगाला कोरलेला, चौदा अक्षरांचा. प्रणितच्या होडीवर तो होता. आम्ही तो घासून काढला.

आम्ही म्हणजे आमच्या अख्ख्या घराने. आमच्याकडे जुनी होडी विकत घेतली की ती तशीच पाण्यात घालत नाहीत. आधीच्या मालकाचं नाव, आकडे, रंग, खुणा, सगळं खरवडून काढायचं, मग नवा रंग, नवं नाव आणि नारळ. नाहीतर होडी जुन्याच मालकाची वाट बघत राहते म्हणे. आमचा बाबा, बुधाजी, गव्हाणच्या खाडीत चाळीस वर्षं मासेमारी केलेला माणूस. त्याने पनवेलच्या घरात खुर्चीत बसून व्हिडिओ कॉलवर प्रणितकडून हे सगळं करून घेतलं. "अजून घास, त्याचा हात दिसतोय अजून," असं सारखं चाललं होतं. प्रणितने मशीन लावून घासलं, खड्ड्यांत पुट्टी भरली, निळा रंग दिला आणि वर मराठीत आईचं नाव लिहिलं, दमयंती. आई लाजून आत निघून गेली. फोन मी धरला होता. जगाला झेरॉक्स शिकवणाऱ्या मला एकदाही सुचलं नाही की अरे, आधी त्या आकड्यांचा फोटो तरी काढ.

अकरा तारखेला तपासनीस होडी बघायला आला. खरेदीच्या कागदावर नंबर होता, होडीवर नव्हता. मग कागदावरची होडी ती हीच कशावरून, असं त्याने विचारलं. चोरीच्या होड्यांचे नंबर असेच घासलेले असतात, हेही सांगितलं. माणूस सभ्य होता, ओरडला नाही. मी असते तर ओरडले असते. जाताना तो एवढंच म्हणाला की बांधणारे असाच नंबर आतही कुठेतरी लपवून कोरतात. कुठे, ते फक्त बांधणाऱ्यालाच माहीत. प्रणितने त्या कारखान्याचा शोध घेतला, तर तो कधीच बंद पडलेला. मग त्याने दोन दिवस बॅटरी घेऊन होडी आतून पालथी घातली. काही मिळालं नाही.

मला बाबाचा इतका राग आला की मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. राग नुसता नंबरचा नव्हता. काही वर्षांपूर्वी गव्हाणच्या बाजूला खाडीत भराव पडायचा होता, तेव्हा नुकसानभरपाईसाठी होड्या मोजायला माणसं आली होती. बाबाच्या होडीची नोंद नव्हती. मी फॉर्म घेऊन महिनाभर त्याच्या मागे लागले होते आणि तो म्हणायचा, होडी किनाऱ्यावर उभी हाय, डोळे असतील त्याला दिसंल. मोजणाऱ्यांनी यादीतल्या होड्या मोजल्या आणि निघून गेले. बाबाची होडी त्यांच्या समोर उभी होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा माझ्या दुकानात आला. तो कधी येत नाही. गिऱ्हाइकांच्या रांगेत गपचूप उभा राहिला आणि नंबर आल्यावर म्हणाला, "माझी होडी होती, तर कागद नव्हता. प्रणितचा कागद हाय, तर होडी नाय म्हंतात. दोन्ही येळंला चूक माझीच. आता मना गव्हाणला ने."

मी दुकान बंद केलं. रिक्षा करून आम्ही गव्हाणला गेलो.

त्याची होडी किनाऱ्यावर एका अंगावर कलंडलेली होती. पूर्वी तिच्यापाशी भरतीचं पाणी यायचं, आता भरावाची माती येते. बाबा सत्तरीचा, पण गुडघ्यांवर आत सरपटत गेला आणि नाळेत, म्हणजे होडीच्या तोंडाशी, एक फळी उचकटून त्याने मला बोलावलं. खाली लाकडात तीन रेघा आणि एक मासा कोरलेला. आजोबांची खूण. आजोबा होड्या बांधायचे, आणि प्रत्येक होडीत अशी खूण ठेवायचे, हे मला आजपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

"चोर बाहेरनंच घासतो," बाबा म्हणाला. "म्हणून खूण अशा जागी ठेवायची, का जिथली वस्तू कोण कदी बदलीत नाय. फळी बदलतात, इंजिन बदलतात. त्या गोऱ्याला बी हीच अक्कल असंल. होडी बांधणारा होडीच बांधतो, मग तो कुठला का असंना."

रविवारी दुपारी तीनला कॉल लावला. तिकडे सकाळ होती. आईने बाजारातली मासळीची पाटी त्या दिवशी लवकर उचलली होती, ती पदर खोचून मागे उभी. बाबाने होडीचा एकेक कोपरा दाखवायला लावला. इंजिनाची जागा नको, पाण्याची टाकी नको, त्या वस्तू बदलतात. मग त्याने विचारलं की सुकाणूचा दांडा तळातून खाली कुठे जातो. प्रणित म्हणाला, माझ्या पलंगाखाली, पण तो पलंग मी नवा ठोकलाय, काढायचा म्हणजे कापावा लागेल. "काप," बाबा म्हणाला.

पलंग कापायला पाऊण तास गेला. खाली जुना करडा रंग, त्यावर बुरशी. प्रणितने सवयीने घासायचं मशीन उचललं आणि बाबा खुर्चीतून अर्धा उठला.

"घासू नको. एकदा घासलं ते बास झालं. कापडानं पूस, कागद लाव आनि पेन्सिल फिरव."

लहानपणी आम्ही नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल फिरवायचो, तसंच. मी खरेदीचा कागद समोर घेऊन बसले. प्रणित एकेक अक्षर वाचायचा आणि मी टिकमार्क करायचे. नवव्याला प्रणित थांबला, म्हणाला रंग जाड आहे, दिसत नाही. बाबा म्हणाला, दिसंल, हळू फिरव. चौदावंही जुळलं. बाबाने तोंडावर पंचा ओढला आणि आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी रडले, स्पष्टच सांगते.

तपासनीस पुन्हा आला, पलंगाच्या खड्ड्यात उतरला, फोटो काढले. अठ्ठावीस तारखेला नोंदणी झाली. मालक प्रणित बुधाजी कोळी, होडीचं नाव दमयंती. जागा राहिली. नवा पलंग प्रणितने बिजागऱ्या लावून केला, उघडता येईल असा.

मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी बाबा परत रांगेत उभा. या वेळी हातात होडी-नोंदणीचा फॉर्म, आपल्या मत्स्य खात्याचा. मी म्हटलं, बाबा, तुझी होडी आता तरंगत नाही. तिच्यासमोर पाणी नाही. कशाची नोंद करायची?

"ती होती, एवढं तरी कुटं लिवलेलं असू दे."

"फॉर्म परत येईल."

"मग परत भर. तुना येतं ना?"

मी पेन उघडलं. मालकाचं नाव लिहिलं. लांबी विचारली, त्याने वीत न वीत सांगितली. होडी कुठे बांधून ठेवता, हा रकाना आला तेव्हा मी थांबले. तिथे आता माती आहे. मी बाबाकडे न बघता लिहिलं, गव्हाण.

नंबरच्या रकान्यात लिहायला काहीच नव्हतं. बाबाने खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्यासमोर पसरला. पेन्सिलीने काळा केलेला, त्यात पांढऱ्या उठलेल्या तीन रेघा आणि एक मासा. सकाळीच एकटा गव्हाणला जाऊन आला होता. मागितल्याशिवाय जास्तीचा कागद जोडला तर मी लोकांवर ओरडते. तो कागद मी अर्जाच्या सगळ्यात वर टाचला.